परवानगी बंद केली तरी अ‍ॅप परत मागतं, नाहीतर परत घेतं: नेमकं कुठं बघायचं

"परमिशन काढून टाकली होती की, परत कशी काय आली?" मोबाइलच्या दुकानात ही तक्रार कायम ऐकू येते. बेळगावात, निपाणीत, खानापुरात, कुठंही जा. पण थोडं खोदून विचारलं की कळतं, या एका वाक्यामागं तीन वेगवेगळी दुखणी असतात. कुणाची परवानगी खरोखरच परत चालू झालेली असते. कुणाची बंदच असते, पण अ‍ॅप उघडलं रे उघडलं की ते पुन्हा मागायला लागतं. आणि कुणाची फोननंच काढून घेतलेली असते, म्हणजे तक्रारीच्या बरोबर उलट प्रकार.

या तिन्हींवर शेजारीपाजारी एकच औषध सांगतात: अ‍ॅप काढा आणि परत टाका. यानं अर्ध्या भानगडी वाढतात. अ‍ॅप नव्यानं टाकलं की आधी विचारपूर्वक बंद केलेलं सगळं पुसलं जातं, अ‍ॅप पहिल्यापासून एकेक विचारतं, आणि घाईत माणूस सगळ्याला 'अनुमती द्या' म्हणत सुटतो. म्हणून काढून टाकणं हा शेवटचा उपाय ठेवा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. लोक परवानग्यांच्या ज्या यादीत जाऊन बघतात, तिथं सहसा कटकट असते, धोका कमी असतो. खरा धोका दुसऱ्याच यादीत असतो आणि तिथं कुणी फिरकत नाही. तिच्याकडं येतोच. आधी रोजच्या कटकटी.

एक अ‍ॅप बिघडलंय की सगळीच?

पहिला प्रश्न हाच. व्हॉट्सअ‍ॅपवर तुमचा आवाज समोरच्याला जात नाही, व्हिडिओ रेकॉर्ड केला तर मुका निघतो, आवाजानं टाइप करायला गेलं तर काही उमटत नाही. तीन-चार अ‍ॅप एकदम बंद पडली असतील तर त्यांच्या परवानग्या तपासत बसू नका. अँड्रॉइड १२ पासून, म्हणजे २०२१ नंतरच्या बहुतेक फोनांत, वरून पट्टी खाली ओढली की माइक आणि कॅमेरा यांची दोन बटणं ठेवता येतात. ते बटण बंद झालं की सगळ्याच अ‍ॅपना माइक मिळणं थांबतं, परवानगी दिलेली असली तरीही. फोन लहान मुलांच्या हातात गेला की बोट तिथं हमखास लागतं. बटण चालू करा, काम झालं.

एकच अ‍ॅप अडत असेल तर मात्र त्या अ‍ॅपची परवानगी बघायची. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, ते अ‍ॅप, परवानग्या. याहून सोपी वाट म्हणजे अ‍ॅपच्या चित्रावर बोट दाबून धरायचं आणि 'अ‍ॅपची माहिती' किंवा गोलातला 'आय' दाबायचा. कंपनीगणिक शब्द थोडे बदलतात, पण वाट हीच.

हंगामात एकदाच उघडणारी अ‍ॅप्स

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या शेतकऱ्यांचं दुखणं इथं आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

आपल्या भागात जमीन कुठल्या राज्यात आहे त्यावर अ‍ॅप ठरतं. कर्नाटकातल्या जमिनीसाठी 'बेळे समीक्षे', म्हणजे पीक पाहणीचं अ‍ॅप. कुणाची चंदगड तालुक्यात थोडी जमीन असेल तर तिच्यासाठी महाराष्ट्राची ई-पीक पाहणी, जी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. शिवाय आपण उभे आहोत तो सर्व्हे नंबर कुठला हे बघायला कर्नाटक महसूल खात्याचं 'दिशांक'. तिन्हींना लोकेशन लागतं. पाहणीच्या दोन्ही अ‍ॅपना कॅमेराही लागतो, कारण पिकाचा फोटो त्याच जमिनीत उभं राहून काढायचा असतो.

आता बघा, खरिपात ही अ‍ॅप उघडली, काम झालं, मग कित्येक महिने कुणी हात लावत नाही. अँड्रॉइड ११ पासून फोनमध्ये अशी सोय आहे की बरेच महिने न उघडलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या फोन आपणहून काढून घेतो. डिसेंबर २०२१ पासून गूगलनं ही सोय जुन्या फोनांवरही, अगदी अँड्रॉइड ६ पर्यंत, द्यायला सुरुवात केली. पुढच्या हंगामात शेतकरी बांधावर उभा राहतो, अ‍ॅप उघडतो आणि ते म्हणतं लोकेशन नाही. दर हंगामाला हेच. लोकांना वाटतं अ‍ॅपच खराब आहे, किंवा सरकारनं मुद्दाम असं केलंय.

अ‍ॅपच्या माहितीत खाली 'वापरले नसल्यास' अशा शब्दांनी सुरू होणारं एक बटण दिसतं. ते बंद केलं की फोन त्या अ‍ॅपला हात लावत नाही. पण ते बंद करू नका, असं माझं मत. तीच सोय तुमच्या फोनमधल्या विसरलेल्या दहा-वीस फुटकळ अ‍ॅपचे हातपाय बांधत असते, आणि एका अ‍ॅपसाठी बंद करायची सवय लागली की माणूस सगळीकडं बंद करत जातो. हंगामाला एकदा परवानगी नव्यानं देणं परवडतं. फक्त बांधावर जायच्या आधी घरीच अ‍ॅप उघडून देऊन टाका. खानापूरच्या जंगलपट्टीत नेटवर्कही धड नसतं, तिथं चिखलात उभं राहून सेटिंग्ज शोधायची वेळ येऊ नये.

दुसरी गोची फोन परवानगी विचारतो त्या खिडकीत आहे. अँड्रॉइड १२ पासून लोकेशन देताना वर दोन गोल चित्रं दिसतात: एक अचूक, एक अंदाजे. खबरदारी म्हणून बरेच जण 'अंदाजे' निवडतात. हवामानाच्या अ‍ॅपला ते ठीक आहे, तिथं तसंच करावं. पण अंदाजे म्हणजे सुमारे ३ चौरस किलोमीटरचा टापू. येळ्ळूरच्या शिवारात तेवढ्यात किती जणांचे भाताचे तुकडे येतात ते तुम्हीच मोजा. तुम्ही बरोबर आपल्याच शेतात असता आणि अ‍ॅप म्हणतं तुम्ही जमिनीबाहेर आहात. शेतीच्या आणि मोजणीच्या अ‍ॅपला 'अचूक' आणि 'अ‍ॅप वापरताना' द्या. 'नेहमी' द्यायची काहीच गरज नाही. पाहणी काही तुमच्या झोपेत होत नाही.

मागतं, पण खिडकीच उघडत नाही

अ‍ॅप म्हणतं कॅमेऱ्याची परवानगी द्या. तुम्ही बटण दाबता. काहीच होत नाही. परत दाबता, परत काही नाही.

कारण असं की अँड्रॉइड ११ पासून एखाद्या परवानगीला दोनदा नकार दिला की फोन समजतो, या माणसाला नको आहे. मग तो अ‍ॅपला खिडकी उघडूच देत नाही. तुमचा नकार फोननं पाळलेला असतो, अ‍ॅपला मात्र मागत राहायचं असतं, म्हणून ते स्वतःचीच एक पाटी दाखवत बसतं. खरंच परवानगी द्यायची असेल तर अ‍ॅपच्या माहितीत जाऊन तिथून द्या. द्यायची नसेल तर पाटी येऊ द्या, पुढं चला. वरच्या बाजूला 'नंतर' किंवा फुली बहुतेक वेळा असते, फक्त ती मुद्दाम बारीक आणि फिकी केलेली असते.

'फक्त या वेळी' दिलं असेल तर तीही एक साधी शक्यता आहे. ती परवानगी काम संपलं की फोन काढून घेतो. मग दर वेळी विचारणारच, तो बिघाड नव्हे.

फोटोंचंही तसंच. अँड्रॉइड १४ पासून अ‍ॅपला सगळी गॅलरी न देता निवडक फोटो देता येतात. ही सोय चांगली आहे, जरूर वापरा. पण आज रेशन कार्डाचा फोटो निवडून दिलात आणि उद्या आधारचा फोटो चढवायला गेलात तर अ‍ॅपला तो दिसत नाही. "फोटो गायब झाले" म्हणून लोक घाबरतात. फोटो जागेवरच असतात, अ‍ॅपला फक्त तुम्ही दाखवलेलेच दिसतात. तिथंच जास्तीचे फोटो निवडायची सोय असते.

यूपीआय आणि दोन सिम

सीमेवर एका फोनमध्ये दोन सिम हे फार सर्रास. एक इकडचं, एक कोल्हापूर बाजूचं, नाहीतर एक घरचं आणि एक धंद्याचं. यूपीआय अ‍ॅप नोंदणी करताना बँकेत नोंदवलेल्या नंबरच्या सिमवरून स्वतः एक मेसेज पाठवतं आणि सिम याच फोनमध्ये आहे याची खात्री करतं. म्हणून त्याला एसएमएस आणि फोन या दोन परवानग्या लागतात. एसएमएस बंद ठेवून नोंदणी करायला गेलात तर ती गोल गोल फिरते आणि थांबते. आधी या दोन्ही द्या, बँकेचं सिम निवडा, त्या सिमवर मेसेज जाण्याइतका बॅलन्स आहे ना बघा, मग परत करा.

नोंदणी झाल्यावर एसएमएस काढून घेता येतो का? काही अ‍ॅप मुकाट्यानं चालतात, काही उघडल्याबरोबर हट्ट धरतात. हट्ट धरणारं बँकेचं खरं अ‍ॅप असेल तर देऊन मोकळं व्हा. त्याच्या हातात पैसेच आहेत, मेसेज लपवून काय मिळणार? पण कॉन्टॅक्ट मात्र त्याला द्यायलाच हवेत असं नाही. नंबर टाकून किंवा कोड स्कॅन करून पैसे जातातच की.

खरंच परत चालू झाली असेल तर

फोन आपण बंद केलेली परवानगी गुपचूप चालू करत नाही. कुणीतरी दिलेली असते, किंवा कशासोबत तरी आलेली असते. घरातला फोन चार जण वापरत असतील तर पहिला संशय तिथंच. नातवाला गेम पुढं जायला हवा असतो, तो सगळ्याला हो म्हणतो. नवीन फोन घेतला आणि जुन्यावरून बॅकअप उतरवला असेल तर अ‍ॅपसोबत काही जुन्या परवानग्याही येतात. आणि परवानग्या गटागटानं असतात, हे फार कमी जणांना ठाऊक असतं: एखाद्या अ‍ॅपला कॉन्टॅक्ट वाचायला दिले असतील आणि पुढच्या अपडेटमध्ये त्यानं कॉन्टॅक्ट बदलायचीही मागणी केली, तर एकाच गटातली म्हणून ती न विचारता मिळून जाते.

कोण काय वापरतंय हे बघायला सेटिंग्जमध्ये गोपनीयतेखाली डॅशबोर्ड आहे, अँड्रॉइड १२ पासून. गेल्या २४ तासांत लोकेशन, कॅमेरा, माइक कुणी किती वाजता वापरला हे तिथं दिसतं. त्याच आवृत्तीपासून कॅमेरा किंवा माइक चालू असताना वर कोपऱ्यात हिरवं चिन्ह येतं. तुम्ही कुणाशी बोलत नसताना ते दिसलं तर पट्टी खाली ओढून त्याच चिन्हावर दाबा, अ‍ॅपचं नाव कळतं.

एवढं बघून काहीच सापडलं नाही, तरी फोन विचित्र वागतोय, अशी वेळ आली की पुढचा भाग नीट वाचा.

दुसरी यादी

कॅमेरा, माइक, कॉन्टॅक्ट या झाल्या साध्या परवानग्या. त्यांच्यापलीकडं फोनमध्ये काही विशेष अधिकार असतात. ते परवानग्यांच्या यादीत दिसतच नाहीत. घराच्या खोल्यांना कुलपं लावावीत आणि वाड्याची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असावी, तसला प्रकार.

सगळ्यात जड अधिकार अ‍ॅक्सेसिबिलिटीचा. तो दृष्टी कमी असलेल्या किंवा हात नीट न चालणाऱ्या माणसांसाठी केलेला आहे. हा मिळालेलं अ‍ॅप पडद्यावर काय लिहिलंय ते वाचू शकतं आणि तुमच्या वतीनं बटणं दाबू शकतं. म्हणजे इतर परवानग्या स्वतःच स्वतःला देऊ शकतं. "बंद केली तरी परत चालू होते" ही तक्रार शब्दशः खरी असते ती बहुतेक इथं. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी उघडा. डाउनलोड केलेल्या अ‍ॅपचा भाग बघा. तिथं तुम्ही ओळखत नाही असं एकही नाव चालू असता कामा नये.

मग 'विशेष अ‍ॅप अ‍ॅक्सेस' शोधा, सेटिंग्जच्या शोधपट्टीत टाकलं की सापडतं. त्यात सूचना वाचण्याचा अधिकार बघा: तो असला की एसएमएसची परवानगी नसतानाही वरच्या पट्टीत आलेला ओटीपी वाचता येऊ शकतो. 'इतर अ‍ॅप्सवर दाखवा' हा अधिकार असलेलं अ‍ॅप बँकेच्या पडद्यावर आपला खोटा पडदा पसरू शकतं. 'अज्ञात अ‍ॅप्स इंस्टॉल करा' इथं व्हॉट्सअ‍ॅप आणि ब्राउझर दोन्ही बंद असायला हवेत. सुरक्षेखाली 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' ही आणखी एक छोटी यादी असते. एखादं अ‍ॅप काढायला गेलात आणि काढायचं बटणच चालत नसेल तर ते बहुधा इथं बसलेलं असतं.

ही सगळी अ‍ॅप येतात कुठून? व्हॉट्सअ‍ॅपवरून, ए-पी-के फाइल म्हणून, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप टाकायची फाइल. पीएम किसानचा हप्ता, गाडीचा दंड, लग्नाची पत्रिका. गावातल्या ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून येते, कारण त्याचा फोन आधीच फसवणाऱ्यांच्या ताब्यात गेलेला असतो. म्हणून पाठवणारा कोण आहे यावरून काही ठरवू नका. पत्रिका चित्र असते किंवा पीडीएफ असते, ती 'इंस्टॉल' कधीच करावी लागत नाही. सरकारी योजनेचं अ‍ॅपही प्ले स्टोअरवर मिळतं, चॅटमध्ये नाही.

अँड्रॉइड १३ पासून गूगलनं इथं एक अडसर घातला आहे. बाहेरून टाकलेल्या अ‍ॅपला अ‍ॅक्सेसिबिलिटी द्यायला गेलं की ते बटण फिकं दिसतं आणि फोन सांगतो, हे सेटिंग मर्यादित आहे. २०२४ मध्ये तर एसएमएस, सूचना आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी मागणारी असली बाहेरची अ‍ॅप टाकूच न देण्याचा प्रयोग गूगलनं प्ले प्रोटेक्टमार्फत, म्हणजे फोनमधली अ‍ॅप तपासणाऱ्या आपल्या पहारेकऱ्यामार्फत, भारतात सुरू केला. फसवणाऱ्यांना हे ठाऊक आहे. म्हणून ते फोनवर सांगतात: अ‍ॅपच्या माहितीत जा, वर तीन ठिपके आहेत ते दाबा, 'मर्यादित सेटिंग्जना अनुमती द्या' म्हणा. किंवा सांगतात, प्ले प्रोटेक्ट थोडा वेळ बंद करा. या दोन्हींपैकी एकही वाक्य कुणी फोनवर बोललं, मग तो बँकेतून बोलतोय म्हणो की हेस्कॉम या वीज कंपनीतून, की फोन ठेवा. वीज कापायची धमकी ऐकून घाबरायचं कारण नाही. बिल भरलंय की नाही ते उद्या जाऊन बघता येतं.

असं अ‍ॅप आत आलंच असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी इंटरनेट तोडा, विमानाचं चिन्ह दाबा. मग अ‍ॅक्सेसिबिलिटीतून काढा, मग डिव्हाइस अ‍ॅडमिनमधून, मग अ‍ॅप काढा. काढायला गेलं की पडदा आपोआप मागं जातो, सेटिंग्ज बंद होतात, असं होत असेल तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. बऱ्याच फोनांत बंद करायच्या बटणावर बोट दाबून धरलं की सेफ मोड विचारतो. त्यात बाहेरून टाकलेली अ‍ॅप चालत नाहीत, त्यामुळं ते अडवायला जागं नसतं. तरीही खात्री वाटत नसेल तर फोटो आणि कॉन्टॅक्ट बाजूला काढून फोन पूर्ण पुसून घ्या.

आणि पैसे गेले असतील तर हे सगळं नंतर. आधी दुसऱ्या फोनवरून १९३० ला फोन करा, बँकेला कळवा. हा देशभराचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे. जितक्या लवकर तक्रार होते तितकी पैसे वाटेत अडवायची शक्यता जास्त. बेळगावात सायबर गुन्ह्यांसाठी सीईएन पोलीस ठाणंही आहे. बँकेचं सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून तिथूनच यूपीआयचा पिन बदला. त्या फोनवर बदललात तर नवा पिनही त्यांनाच कळेल.

याच यादीत बसणारी, पण कुणाच्या ध्यानीमनी नसलेली गोष्ट म्हणजे कीबोर्ड. आपल्याला मराठी लागते, कन्नड लागते, इंग्रजी तर लागतेच. मग प्ले स्टोअरवर जो पहिला दिसेल तो, फुलांच्या चित्राचा कीबोर्ड माणूस टाकतो. कीबोर्ड तुम्ही टाइप केलेलं अक्षरन् अक्षर बघू शकतो. तो चालू करताना फोन तशी सूचनाही देतो, पण वाचतो कोण? फोनसोबत येणाऱ्या गूगलच्या कीबोर्डात मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत, जागतिक गोलाच्या बटणानं बदलता येतात. वेगळा कीबोर्ड टाकायचं मला तरी काही कारण दिसत नाही.

कर्जाची अ‍ॅप्स

वडगाव-खासबागकडं मागाचं काम मंदावलं, किंवा शाळेची फी आणि पेरणी एकाच महिन्यात आली, की माणूस पाच मिनिटांत कर्ज देणारं अ‍ॅप शोधतो. असलं अ‍ॅप कॉन्टॅक्ट मागत असेल तर तिथंच थांबा. रिझर्व्ह बँकेनं २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं की कर्जाच्या अ‍ॅपनी फोनमधल्या फाइल्स, कॉन्टॅक्ट, कॉलची यादी यांना हात लावू नये. केवायसीपुरता कॅमेरा, माइक, लोकेशन एकदा, तेही तुमच्या स्पष्ट संमतीनं. गूगलनंही ३१ मे २०२३ पासून वैयक्तिक कर्जाच्या अ‍ॅपना कॉन्टॅक्ट आणि फोटो घ्यायला प्ले स्टोअरवर मनाई केली. म्हणजे जे मागतंय ते नियमाबाहेरचंच.

आधी दिलेली परवानगी आता काढून घेतली तर पुढचं थांबतं, गेलेली यादी परत येत नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण लोक परवानगी बंद करून निर्धास्त होतात. पाहुण्यारावळ्यांना धमकीचे फोन जायला लागले असतील तर नातेवाइकांना आधी तुम्हीच सांगून टाका, धमकीचे मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि तक्रार करा. फोन करणाऱ्याला आणखी पैसे पाठवून तो गप्प बसत नाही.

फोनची भाषा

आपल्याकडं फोन घरात इंग्रजी, सरकारी अ‍ॅप कन्नड, बोलणं मराठी. त्यामुळं पडद्यावर काय विचारलंय हे न कळताच हिरव्या बटणावर बोट जातं. यावर एक सोपी युक्ती आहे. परवानगीची खरी खिडकी अ‍ॅप काढत नाही, फोन काढतो, आणि फोनच्या भाषेत काढतो. फोनची भाषा मराठी ठेवलीत तर कन्नड अ‍ॅपमध्येही परवानगीचा प्रश्न मराठीत येतो. त्याच्या आधी किंवा नंतर कन्नडात, इंग्रजीत जी पाटी येते ती अ‍ॅपची स्वतःची. तिला 'हो' म्हटलं तरी खरी परवानगी अजून दिलेली नसते, विचार करायला एक पायरी शिल्लक असते. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये एवढा एक बदल करून द्या. सुरुवातीला 'सेटिंग्ज कुठं गेली' म्हणून चार शिव्या खाव्या लागतील, नंतर सवय होते.

आयफोनवाल्यांसाठी थोडक्यात: सेटिंग्जमध्ये गोपनीयता आणि सुरक्षा, तिथं प्रत्येक परवानगीची यादी आणि खाली अ‍ॅपचा गोपनीयता अहवाल. तो आधी चालू करावा लागतो. नकार दिल्यावर खिडकी परत न येणं, अचूक-अंदाजे लोकेशन, निवडक फोटो हे सगळं तिथंही आहे. ए-पी-केची भानगड तेवढी नाही.

तरीही मागतच राहिलं तर

काही अ‍ॅप कशानंच ऐकत नाहीत. सगळं देईपर्यंत पुढं जाऊच देत नाहीत. अशा वेळी त्या अ‍ॅपशी भांडत बसण्यापेक्षा ते काम अ‍ॅपशिवाय होतं का बघा. वीजबिल, बसचं आरक्षण, दाखल्याचा अर्ज यांतलं बरंचसं वेबसाइटवर होतं, आणि वेबसाइटला तुमचे सगळे कॉन्टॅक्ट किंवा मेसेज परस्पर वाचता येत नाहीत. वेबसाइटनं लोकेशन मागितलं तर नकार द्या, पान सहसा चालतं. योजनांचे आणि दाखल्यांचे अर्ज गावात 'ग्राम वन' (इंग्रजी One) या सरकारी सेवा केंद्रात, शहरात 'कर्नाटक वन'मध्ये भरून मिळतात. तिथं थोडं शुल्क द्यावं लागतं आणि कधी रांगही असते. ओटीपी येईल तेव्हा फोन त्यांच्या हातात देऊ नका, आकडा वाचून सांगा, आणि तोही कशासाठी आलाय ते मेसेजमध्ये बघूनच.